दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करावी काय?

आमच्या मंडळीतील एक भगिनी गेल्या जून महिन्यात, मृगाचा पहिला पाऊस पडून गेल्यावर, आपल्या यजमानांसह आमच्या घरी आल्या. त्यांच्या संमतीने व नावगाव वगळून त्यांची हकीकत येथे देत आहो. जो प्रश्न त्यांनी आम्हांस विचारला तो त्यांच्या एकटीचा नाही, आणि त्याचे उत्तर देताना आमची जी तारांबळ उडाली ती ह्या धाराशिव जिल्ह्यातील इतर पाळकांची व प्रचारकांची उडू नये अशी आमची इच्छा आहे.

ह्या बाईंची उंची पाच फूट. २०१८ साली त्यांचे वजन ११२ किलो होते. मधुमेह जडला होता, गुडघे धरले होते, देवळाच्या तीन पायऱ्या चढतानाही दम लागे. पथ्ये झाली, उपास झाले, कोणी सांगितलेले काढे झाले. शेवटी विहिरीखालची एक एकर जमीन गहाण टाकून एका मोठ्या शहरातील रुग्णालयात त्यांच्या जठरावर शस्त्रक्रिया करविण्यात आली. दीड वर्षात वजन ७४ किलोंवर आले. मधुमेहाच्या गोळ्या सुटल्या. बाई पायी उपासनेस येऊ लागल्या व परत जाताना वाटेत कोणाकडे टेकत नसत. मग काटा हळूहळू वर चढू लागला. आज तो १०१ दाखवितो. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या आहेत, आणि एक नवे दुखणे उपजले आहे: रात्री आडवे झाले की छातीत आग उठते व आंबट पाणी घशाशी येते, म्हणून गेले वर्षभर त्या भिंतीला टेकून बसल्या बसल्याच झोपतात. त्याच रुग्णालयाने आता दुसरी शस्त्रक्रिया सुचविली आहे. गहाण जमीन नुकतीच सुटली होती. ह्या खेपेस ती विकावी लागेल.

आम्हांस वाटले की बाई पैशांविषयी अथवा भीतीविषयी बोलतील. त्या बोलल्या ते निराळेच. "पाळकसाहेब, पहिलं ऑपरेशन डॉक्टरांनी नीट केलं होतं. फसलं ते माझ्या जिभेनं. मग दुसरं मागायला मी कोणत्या तोंडानं जाऊ? ज्याला एकदा दिलं आन् त्यानं घालवलं, त्यानं पुन्हा हात पसरावा का?"

यजमान खाली मान घालून बसले होते. आम्हीही काही वेळ गप्प राहिलो. कारण खरे सांगावयाचे तर, बाई आत आल्या तेव्हा आमच्या मनातही हाच विचार येऊन गेला होता.

आता आधी हे पाहू की त्यांच्या पोटात झाले होते काय. आपले जठर हे पखालीसारखे आहे; भरले की फुगते. त्यांच्यावर जी शस्त्रक्रिया झाली तीत ह्या पखालीचा बाहेरच्या बाजूचा सुमारे पाऊण भाग, किंबहुना थोडा अधिकच, कापून काढून टाकतात व उरलेल्या भागाची केळ्याच्या आकाराची अरुंद नळी ठेवतात. कापलेला भाग पुन्हा जोडता येत नाही. थोडे खाल्ले की पोट भरते हा एक लाभ. दुसरा लाभ असा की, जठराच्या वरच्या भागात भूक जागविणारा एक रस तयार होतो, ज्याचा शोध १९९९ साली जपानी शास्त्रज्ञांनी लावला. तो भागच निघून गेल्यामुळे भुकेची हाक मंदावते. परंतु नळी काही वर्षांत थोडीफार सैलावू शकते आणि मंदावलेली भूक पुष्कळांस पुन्हा ऐकू येऊ लागते. शिवाय अरुंद नळीत भाकरी अडते, पण गोड चहा, बिस्किटे, आइस्क्रीम, चिवडा हे पदार्थ सरळ उतरतात. म्हणजे जे खावयाचे ते कठीण व जे टाळावयाचे ते सोपे, अशी त्या पोटाची रचना होऊन बसते.

आणि ह्या केळ्याएवढ्या जठराचा इतिहास पाहिला तर बाईंच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तेथेच मिळते. ही शस्त्रक्रिया आरंभी स्वतंत्र नव्हतीच. २००० सालाच्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये डॉ. गान्ये ह्यांच्यासारखे शल्यचिकित्सक अतिशय वजनदार रोग्यांवर मोठी शस्त्रक्रिया दोन टप्प्यांत करू लागले: आधी जठर लहान करावयाचे, वजन काही उतरू द्यावयाचे, आणि शरीर सोसण्याजोगे झाले म्हणजे आतड्यांचे काम करावयाचे. काही रोग्यांचे वजन पहिल्या टप्प्यातच इतके उतरले की दुसरा टप्पा करण्याची गरज पडली नाही. त्यावरून पहिला टप्पाच पुरेसा मानण्याची रीत पडली. ज्या कामाची मुळात दोन पायऱ्या म्हणून योजना झाली, त्यात एका पायरीवर न भागले तर त्या माणसास अपराधी म्हणावे काय?

"फसलेली शस्त्रक्रिया" हा शब्दच आम्हांस आता खटकू लागला आहे. स्वीडन देशात १९८७ साली सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या दोन हजारांवर माणसांस वर्षानुवर्षे तपासण्यात आले. पहिल्या एकदोन वर्षांत वजन सर्वांत अधिक उतरले, मग काही अंशी परत चढले. दहा वर्षांनी पाहता, ज्यांच्या आतड्यांचा मार्ग बदलला होता त्यांचे वजन मूळच्यापेक्षा सरासरी २५ टक्के, ज्यांच्या जठरास टाके घालून ते आवळले होते त्यांचे १६ टक्के, आणि ज्यांच्या जठरास नुसता पट्टा बांधला होता त्यांचे १४ टक्के कमी राहिले होते. त्या माणसांत मृत्यूही तुलनेने कमी झाले. अर्थात काही वजन परत येणे हा नियम आहे, अपवाद नव्हे. बाईंचे वजन ३८ किलो उतरून २७ परत आले. हे नियमापेक्षा पुष्कळ अधिक आहे हे खरे, पण आरंभीच्या ११२ पासून ते आजही ११ किलो खाली आहे हे त्यांस कोणी सांगितलेच नव्हते.

जिभेच्या दोषाविषयी आम्हांस येथे थोडे अधिक लिहावयाचे आहे, कारण आमच्या मंडळ्यांत सर्वांत अधिक अन्याय ह्याच ठिकाणी होतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४ च्या नोव्हेंबरात, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात डॉ. अँसेल कीज ह्यांनी ३६ तरुणांवर एक प्रयोग आरंभिला. युद्धाने उपाशी पडलेल्या लोकांस पुन्हा कसे पोसावे हे त्यांस शिकावयाचे होते. हे तरुण कोण होते? शस्त्र हाती घेणे पाप आहे असे मानून ज्यांनी सैन्यात जाण्याचे नाकारले होते ते. त्यांतील पुष्कळ मेनोनाइट, ब्रेदरेन व क्वेकर मंडळ्यांतील होते. साऱ्या देशाचा रोष पत्करून जे आपल्या विवेकबुद्धीस चिकटून राहिले, त्यांस दुबळ्या मनाचे कोण म्हणेल? त्यांस २४ आठवडे अर्धपोटी ठेविले व त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांश उतरविले. तेव्हा हेच निग्रही तरुण दिवसरात्र अन्नाचा विचार करू लागले, ताटे चाटू लागले, पाककृतींची पुस्तके जमवू लागले. आणि अन्न पुन्हा मोकळे झाल्यावर त्यांतील काही पोट दुखेपर्यंत जेवत व तरी भूक राहिली असे सांगत. पुढे काही काळ त्यांच्या अंगावर पूर्वीपेक्षा अधिक चरबी चढली. शरीराचा हा स्वभाव आहे: त्याचे गेलेले धन ते परत मागते. १९९४ साली डॉ. फ्रीडमन ह्यांनी शोधून काढले की अंगातील चरबीच एक संदेश मेंदूस धाडीत असते. चरबी घटली की संदेश घटतो व मेंदू भुकेची घंटा वाजवू लागतो. ही घंटा ऐकत ऐकत वर्षानुवर्षे कमी खाणे हे, ज्याच्या कानी ती वाजतच नाही त्या सडपातळ माणसाने कमी खाण्यासारखे नाही. आमच्यासारखा माणूस, जो न मागता सडपातळ राहिला आहे, त्याने ह्या बाबतीत स्वतःस सद्गुणी समजणे म्हणजे उंच जन्मलेल्याने उंचीचे श्रेय घेणे होय.

आपल्या मुलुखाची त्यात आणखी एक गोष्ट आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील माता व बालके ह्यांचा अभ्यास केला. त्या बालकांचे जन्मवेळचे वजन सरासरी २.७ किलो, म्हणजे इंग्रज बालकांहून सुमारे आठशे ग्रॅम कमी. पण स्नायू व अवयव लहान असूनही त्या मानाने चरबी मात्र राखलेली. दिसावयास कृश, आत चरबी, असे हे शरीर आईच्या पोटातूनच टंचाईची तयारी करून येते. आपल्याकडे १९७२ चा दुष्काळ पाहिलेली माणसे अजून हयात आहेत. सुकडी खाऊन खडी फोडलेल्या आईची लेक ताटात काही टाकीत नाही, हे आम्ही घरोघर पाहतो. हा तिचा अवगुण आहे असे म्हणण्यास आमची जीभ उचलत नाही.

तरी बाईंचा काहीच दोष नाही असेही आम्ही त्यांस सांगितले नाही. ते खोटे झाले असते, आणि त्यांनी ते मानलेही नसते. तिसऱ्या वर्षापासून येईल त्या पाहुण्यासोबत साखरेचा चहा पुन्हा सुरू झाला, असे त्यांनीच सांगितले. दुपारी शिवणयंत्रावर बसल्या असता शेजारी शेंगदाणे व गुळाचा डबा असे. जीवनसत्त्वांच्या गोळ्या, ज्या जन्मभर घ्यावयाच्या होत्या, त्या महागड्या म्हणून बंद केल्या. पण रुग्णालयानेही दुसऱ्या वर्षानंतर विचारपूस केली नाही. आहारतज्ज्ञ बाई एकदाच भेटल्या व त्यांनी दिलेल्या छापील कागदावर भाकरीचे नावच नव्हते, होते ते ओट्स व ब्रोकोली. ज्वारीच्या कोठारात राहणाऱ्या बाईने त्या कागदाचे काय करावे? आणि आम्ही मंडळीचे लोक? हंगामाच्या सणाच्या जेवणात बाईंच्या ताटात लाडू वाढून "अहो, एवढ्याने काय होतंय" म्हणणाऱ्यांत आमच्या घरची माणसेही होती. ज्या तोंडाने आग्रह केला त्याच तोंडाने पाठीमागे हसलेही गेले. (पाळकांच्या घेराविषयी जे विनोद मंडळ्यांत चालतात ते आम्ही ऐकले आहेत, त्यांच्या पानात सर्वांत मोठा लाडू कोण टाकतो हे मात्र कोणी सांगत नाही.) तेव्हा दोषाचा सातबारा काढलाच तर त्यावर पुष्कळ नावे लागतील. एकाच बाईचे नाव लावून बाकीच्यांनी मोकळे होणे हा आमच्या मते खोटा फेरफार आहे.

दोष ठरविणे व उपाय ठरविणे ह्या दोन कामांची गल्लत करू नये, हे आम्हांस लहानपणीच पाहावयास मिळाले होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने आपल्या जिल्ह्यात सास्तूर व आसपासची गावे जमीनदोस्त केली, तेव्हा आम्ही शाळेत होतो. तेव्हाही कोणी कोणी पापाची गोष्ट काढलीच. पण ज्यांस घरे उभारावयाची होती त्यांनी निराळे प्रश्न विचारले: दगड कशात बांधला होता, माळवदावर मातीचा भार किती होता, उभी राहिलेली भिंत भार सोसेल काय? त्यावरून ५२ गावे नव्या जागी वसविली गेली आणि इतर पुष्कळ गावांत घरांची दुरुस्ती व मजबुती झाली. प्रत्येक तडा गेलेले घर पाडले नाही, व प्रत्येक घरास गिलावाही केला नाही.

म्हणून आम्ही बाईंस विचारले, "ताई, दुसरं ऑपरेशन कशासाठी करायचं आहे?"

प्रथम त्या म्हणाल्या, "पुढच्या वर्षी लेकीचं लग्न आहे. लोक बघतात." मग थोडे थांबून, "परत वजन वाढलं म्हणून सगळी हसतात, त्यांना दाखवायचं आहे." मग यजमानांनी पहिल्यांदा तोंड उघडले: "पाळकसाहेब, ही रात्री झोपत नाही. बसून असते. मी उठून बघतो, तर ही अंधारात बसलेली."

ह्या दोन उत्तरांत जे अंतर आहे त्यावर आमच्या मते सर्व निर्णय अवलंबून आहे. लोकांस दाखविण्यासाठी, अथवा आपल्या अपराधाचे प्रायश्चित्त म्हणून, पोट दुसऱ्यांदा उघडू नये. लाज ही वाईट सल्लागार आहे. ती दोन्हीकडे ओढते. एकीकडे ती म्हणते, "कसेही करून बारीक हो", दुसरीकडे म्हणते, "तुला आता मागण्याचा अधिकार नाही." दोन्ही वेळी ती रोग्याच्या अंगाकडे पाहत नाही, शेजाऱ्याच्या डोळ्यांकडे पाहते. पण रात्रभर छातीत जळणे हे शेजाऱ्याच्या डोळ्यांत नाही, ते बाईंच्या अन्ननलिकेत आहे. आणि जठराची अरुंद नळी केल्यावर काही जणांस होणारा तो माहीत असलेला विकार आहे. त्यास दुसरी शस्त्रक्रिया, म्हणजे जठराची कोंबडीच्या अंड्याएवढी पिशवी राखून ती सरळ लहान आतड्यास जोडणे, पुष्कळदा चांगला गुण देते.

केवळ वजनासाठी करावयाची असेल तर गोष्ट तितकी सरळ नाही. दुसऱ्या खेपेस पोटात जुन्या जखमांचे चिकटे असतात, रक्तपुरवठा बदललेला असतो, म्हणून गळती, रक्तस्राव इत्यादींचा धोका पहिल्यापेक्षा अधिक. आणि वजन साधारणपणे पहिल्याइतके उतरत नाही. नंतर लोह, कॅल्शियम, बी-१२ ह्यांची उणीव आणखी वाढते, म्हणून जी माणसे पहिल्या गोळ्या बंद करून बसली आहेत त्यांनी ह्याचा आधी विचार करावा. गुडघ्यांसाठी गावोगाव मिळणाऱ्या वेदनाशामक गोळ्या त्या नव्या जोडावर व्रण पाडू शकतात. तंबाखू व मिश्रीही सोडावी लागते, आणि ही गोष्ट आमच्या आयाबहिणी डॉक्टरांस सांगत नाहीत. १९५४ पासून अमेरिकेत लठ्ठपणासाठी बहुतेक लहान आतडे वगळून टाकण्याची एक शस्त्रक्रिया होत असे. वजन उतरे, पण यकृत बिघडे, मूत्रखडे होत, जुलाब थांबत नसत. शेवटी ती टाकून द्यावी लागली व पुष्कळांची आतडी पुन्हा उघडून पूर्ववत करावी लागली. वजन उतरणे आणि माणूस बरा होणे ह्यांत फरक आहे, एवढे त्यावरून वैद्यांनीही शिकून घेतले.

हाच फरक २०१७ साली मुंबईत साऱ्या जगाने पाहिला. इजिप्त देशातील इमान अहमद नावाच्या बाईंस, ज्यांचे वजन सुमारे ५०० किलो असल्याचे सांगितले जात होते, फेब्रुवारीत विमानाने सैफी रुग्णालयात आणले व मार्चमध्ये त्यांचे जठर लहान केले. वजन झपाट्याने उतरले असे डॉक्टरांनी जाहीर केले. बहिणीने त्या आकड्यांवर व प्रकृतीतील सुधारणेवर शंका घेतली. डॉक्टरांनी आरोप नाकारले. मे महिन्यात त्यांस अबुधाबीस नेण्यात आले व सप्टेंबरात, वयाच्या ३७ व्या वर्षी, त्या वारल्या. कोणाचे खरे हे ठरविणे आमचे काम नव्हे. पण एकाच खाटेकडे पाहून एक जण आकडा वाचीत होता व एक जण बहीण पाहत होती, हे आम्ही विसरलो नाही.

आता २०२५ पासून टिर्झेपाटाइड व सेमाग्लुटाइड ह्या वजन उतरविणाऱ्या औषधांची आठवड्यास एकदा टोचावयाची इंजेक्शने आपल्या देशात मिळू लागली आहेत, आणि शस्त्रक्रियेनंतर वजन परत आलेल्यांस डॉक्टर ती देऊन पाहतात. हा मार्ग शस्त्राहून सौम्य खरा. पण सेमाग्लुटाइड बंद केलेल्यांचे गेलेले वजन एका वर्षात सुमारे दोनतृतीयांश परत आल्याचे आढळले आहे. म्हणजे तो खर्च महिन्याचा, व बहुधा कायमचा. एक एकर जमीन एकदा विकावी, की दरमहा थोडी थोडी विकीत राहावी, असा तो हिशेब आहे. विमा असेल त्याने अटी वाचून घ्याव्या: शरीरभारांक ४०, अथवा गंभीर व्याधीसह ३५, अशी मर्यादा सामान्यतः घातलेली असते.

सासूबाईंचे मत आम्हांस नंतर कळले. "देवानं दिलेलं एकदा कापलं, आता पुन्हा कापायचं?" ह्या म्हाताऱ्या आजींस आम्ही त्यांच्याच माहेरची आठवण दिली. त्यांचे वडील येडशीस बार्शी लाइट रेल्वेच्या अरुंद गाडीत बसून पंढरपूरवरून मिरजेस, डॉ. वानलेस ह्यांनी १८९४ साली उभारलेल्या मिशन रुग्णालयात गेले होते व पोटातील गाठ काढवून आले होते. तेव्हाही घरात हाच शब्द निघाला होता, असे आजींनी हसत कबूल केले. मग त्या गंभीर होऊन म्हणाल्या, "पण बाबा एकदाच गेले."

ह्यावर आम्हांस बेथसैदा गावचा आंधळा आठवला. त्याच्या डोळ्यांवर प्रभूने हात ठेविल्यावर त्यास माणसे दिसली, पण चालत्या झाडांसारखी. आणि प्रभूने दुसऱ्यांदा हात ठेविले. पहिला स्पर्श वाया का घालविलास, असे त्यास कोणी विचारले नाही. त्यानेही "मला सगळे दिसते" असे खोटे सांगितले नाही. जसे दिसत होते तसेच सांगितले, म्हणून दुसरा स्पर्श झाला. आमच्या बाईंनी मात्र तीन वर्षे "बरं आहे" असे सांगितले होते. वजन वाढले हे कळू नये म्हणून तपासणीस जाणेच त्यांनी सोडले होते. लाजेचे खरे नुकसान हे. रुग्णालयाने विचारले नाही व रोग्याने सांगितले नाही, ह्या दोन मौनांत २७ किलो परत आले.

आम्ही निर्णय दिला नाही. तो आमचा नव्हे, यजमानांचाही नव्हे, आणि ज्याचे उत्पन्न शस्त्रक्रियेवर आहे त्या एकट्याचाही नसावा. आम्ही इतकेच सुचविले की, जो स्वतः शस्त्र चालविणार नाही अशा एखाद्या वैद्याचे मतही घ्यावे, दुर्बीण घालून व क्ष-किरणाने नळी सैलावली आहे की मुडपली आहे हे पाहून घ्यावे, थायरॉइड तपासावे, चालू गोळ्यांत एखादी वजन वाढविणारी आहे काय ते विचारावे, आणि शस्त्रचिकित्सकास न लाजता विचारावे की अशा दुसऱ्या खेपेच्या शस्त्रक्रिया आपण किती केल्या, नंतर मला कोण पाहील, आणि काहीच केले नाही तर काय होईल. प्रश्न कागदावर लिहून न्यावे, कारण मोठ्या टेबलापुढे बसले की खेड्यातील माणूस सर्व विसरतो. प्रचारकांस आमची विनंती आहे की अशा वेळी त्यांनी सोबत जावे. सल्ला देण्यापेक्षा कागद धरणे अधिक उपयोगी पडते. आम्ही स्वतः सोबत गेलो होतो व तीन तास बाकावर बसलो.

दुर्बिणीत अन्ननलिका खालच्या भागी भाजल्यासारखी लाल निघाली व जठराचा वरचा भाग छातीच्या पडद्यातून वर सरकलेला दिसला. दुसऱ्या वैद्यांनीही, जे मधुमेहाचे वैद्य आहेत, शस्त्रक्रियेस अनुकूल मत दिले, मात्र आधी तीन महिने जीवनसत्त्वे भरून काढावी असे सांगितले. बी-१२ फारच खाली गेले होते. बाईंनी साखरेचा चहा सोडला आहे. ओट्सचा कागद सासूबाईंनी चुलीत घातला व त्याजागी हुलग्याचे माडगे, उकडलेले अंडे आणि मऊ भाकरी असे स्वतःच ठरवून वैद्यांस विचारून घेतले. वैद्यांनी माडग्यास होकार दिला, भाकरीस अर्धा. जमिनीविषयी यजमान म्हणाले की अर्धा एकर विकतो, लेकीचे लग्न साधे करतो, आणि लेकीने स्वतःच तसे सांगितले आहे.

शस्त्रक्रिया ज्वारीच्या सुगीनंतर ठरली आहे. त्या दिवशी निघताना बाई दारात थांबल्या व म्हणाल्या, "पाळकसाहेब, रविवारी प्रार्थनेत माझं नाव घ्याल तेव्हा वजनाचं काढू नका. जळजळीचं काढा."